धारेवरचा आडोसा

१

आमच्या सायकलवाल्यांच्या टोळक्यात दाजींचं नाव ‘कपाट’ होतं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करायचा त्यांचा धंदा, आणि अंग असं, की ते लिफ्टमध्ये शिरले की बाकीच्यांनी निमूट जिना धरावा. अशा माणसाने बारीक टायरच्या सायकलवर बसावं हेच मुळात हसण्यासारखं होतं. पण एकदा बसले की ते थांबायचे नाहीत, आणि त्यांच्या मागे सायकल लावली की वारा लागायचा नाही. कपाट हे नाव मीच ठेवलं होतं.

ज्याने कधी लांबवर सायकल हाणली नाही त्याला वाटतं, चढ हाच सायकलवाल्याचा वैरी. चढ बिचारा सरळ असतो, दिसतो तेवढाच असतो. खरा वैरी वारा. पुढचा माणूस तो छातीवर घेऊन फोडतो आणि मागचा त्याच्या चाकाला चाक लावून आरामात येतो. म्हणून पाळी असते. पुढचा दमला की तो बोलत नाही, बोलायला दम उरलेला नसतो. तो नुसतं उजवं कोपर जरासं बाहेर उडवतो. म्हणजे, माझं झालं, आता तू पुढे हो. मग मागच्याने बाजूने पुढे यायचं आणि वारा आपल्या अंगावर घ्यायचा. एवढं एकच शिष्टाचाराचं कलम आमच्यात सगळे पाळतात.

मी पाळत नसे. दाजींचं कोपर हललं की मला नेमकी त्याच वेळी चेन बघायची असे. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून विचारतो, खालची ओळ दिसते का, आता दिसते का, आधी बरं होतं की आता? आणि मला हातभर अंतरावरचं कोपर दिसत नसे. दाजींना ते पक्कं ठाऊक होतं. वर पोचल्यावर घाम पुसत ते म्हणायचे, “काय शालकसाहेब, आयत्या बिळावर नागोबा!” आणि स्वतःच मोठ्याने हसायचे. पुढच्या रविवारी पुन्हा पुढे तेच. पुढे असताना मधूनच, मान न वळवता, विचारायचे, “आहेस ना?” मी म्हणायचो, “आहे, आहे.”

आमचा रस्ता ठरलेला. शहर संपलं की अभयारण्य लागतं. रविवारी सकाळी आत गाड्यांना बंदी असते, सायकलींना नसते. चौकीवरचा आडवा दांडा ओलांडला की आधी दाट झाडी आणि वळणावळणांचा चढ. मग झाडी संपते आणि रस्ता धारेवर येतो. धार म्हणजे डोंगराची उघडी पाठ. दोन्ही बाजूंना उतार, वर आभाळ, मध्ये गुडघाभर गवत आणि त्यातून शेवटच्या मनोऱ्यापर्यंत गेलेली डांबराची पट्टी. तिथेही चढ आहेच, आणि वारा कायम समोरून. कधी गेलं तरी समोरून.

मग दाजींना ताप आला. साधा ताप, पण तो उतरताना हृदयावर बसला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पण विश्रांती दिली तर भरून येईल. झोपून राहायचं, बाकी काही म्हणजे काही करायचं नाही. सायकल सोडाच, जिनासुद्धा बंद झाला. त्या रविवारी मी एकटाच निघालो.

झाडी संपली, धारेवर आलो, सवयीने डोकं खाली घातलं आणि वाऱ्याची वाट पाहिली. वारा आला नाही. मला वाटलं, नशीब. मग गवताकडे लक्ष गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत माझ्या दिशेने पार आडवं झालं होतं. वाऱ्याचा आवाज येत होता, पण बाजूंनी, आपण खोलीत असावं आणि तो दाराबाहेरून जावा तसा. माझ्या शर्टाची बाहीदेखील हलत नव्हती.

मनोऱ्यापाशी पोचलो तेव्हा घामाचा थेंब नव्हता. सायकलवरून उतरलो आणि दुसऱ्याच क्षणी वाऱ्याने असं ढकललं की कठड्याला धरावं लागलं.

२

दुपारी आम्ही तिघंही ताईकडे गेलो. तिघं म्हणजे मी, बायको आणि आमची मुंगी. लेकीचं हे नाव तिच्या आत्याने ठेवलेलं. स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून चालल्याशिवाय तिला चैन पडत नाही. त्या दिवशीही ती भला मोठा पाण्याचा जग दोन्ही हातांनी छातीशी धरून आतोबांच्या खोलीत निघाली होती.

दाजी खिडकीजवळच्या पलंगावर होते. त्यांना आडवं पाहायची मला सवय नव्हती. कपाट जमिनीवर आडवं ठेवलं की खोली कशी चमत्कारिक दिसते, तशी ती खोली दिसत होती.

“दमलोय रे,” ते म्हणाले. “काही न करता दमलोय. लाज वाटते सांगायला.”

“चैन आहे तुमची,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरात ताई कपबशा विसळत होती. ती हळू आवाजात म्हणाली, “काल बरे होते अरे. आज सकाळी नाश्ता झाला, पडले, आणि मग एकदम श्वास चढला. घामाने चादर भिजली. आणि झोपेत पाय हलवत होते.”

“कसे पाय?”

“कसे म्हणजे? हलवत होते. मी धरले तर पिंडऱ्या दगडासारख्या लागल्या.” मग तिने नळ बंद केला. “तू आज गेलेलास ना? कसं होतं?”

“वारा नव्हता,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण सांगताना मी तिच्याकडे न बघता कपबशा पुसायला घेतल्या.

३

मी काही खुळा माणूस नाही. दिसणं आणि भासणं यांतला फरक सांगणं हा माझा धंदा आहे. नंबर वाढलेली माणसं चष्मा नको म्हणून किती शपथेवर सांगतात, मला सगळं स्वच्छ दिसतं! म्हणून मी ठरवलं, तपासून बघू. दुकानाला सुट्टी दिली आणि आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी, कुणालाही न सांगता, गेलो. आदल्या दिवशी पाऊस भुरभुरला होता. रस्ता ओला होता.

चौकीवरच्या पहारेकऱ्याने दांडा वर केला. “आज एकटेच?” त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने दांडा खाली आणायला जरा वेळ लावला, पण तो पेंगुळलेला असावा.

धारेवर पाऊल, म्हणजे चाक, टाकलं आणि आडोसा आला. ‘आला’ हाच शब्द बरोबर. आधी उजव्या गालावरचा वारा गेला, मग डाव्या, मग छातीवरचा. बरोबर एक सायकल पुढे कुणीतरी आपली जागा घ्यावी तसं. पुढे रस्ता रिकामा होता. ओला, काळा, रिकामा. मी वेग वाढवला, आडोसाही वाढला. मी मुद्दाम हळू झालो, तोही झाला. मग आवाज ऐकू आला. तोंडाने घेतलेला श्वास, आणि दर दोन श्वासांनंतर एक छोटासा ‘हं’. दाजींचा चढावरचा ‘हं’ आमच्या टोळक्यात नकला करण्याइतका प्रसिद्ध होता. सगळ्यात चांगली नक्कल मीच करायचो.

मी घाबरलो का? घाबरलो. पण खरं सांगायचं तर मला फार बरंही वाटत होतं. पाय असे फिरत होते की जणू माझे नव्हतेच. इतक्या सहज मी ती धार कधीच चढलो नव्हतो. परत फिरायचं हे डोक्यात आलं, आणि मी मनोऱ्यापर्यंत गेलो.

घरी आल्यावर बायकोने माझा शर्ट उचलला आणि ती म्हणाली, “कोण होतं तुझ्यापुढे?”

“कुणी नाही. का?”

“मग हे काय?”

ओल्या रस्त्यावर सायकलचं चाक पाणी आणि चिखल उडवतं. आपल्या मागच्या चाकाचा चिखल आपल्या पाठीवर पट्टा ओढतो. छातीवर आणि तोंडावर उडतो तो पुढच्याच्या चाकाचा. इतकी वर्षं माझे कपडे धुवून तिला हे माझ्याइतकंच माहीत होतं. शर्टाच्या छातीवर, गळ्यापासून पोटापर्यंत, चिखलाचा सरळ पट्टा होता. मी आरशात पाहिलं. हनुवटीवरही होता.

“आणखी कुणीतरी होता वाटतं मध्ये,” मी म्हणालो. “आठवत नाही.”

ताईचा फोन संध्याकाळी आला. सकाळी पुन्हा श्वास चढला होता, यावेळी दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर तिच्यावरच चिडले होते. म्हणे, ह्यांना खरंच झोपवून ठेवता ना तुम्ही? हा माणूस काम करून आल्यासारखा दिसतोय. ताई रडत होती. “मी डोळ्याला डोळा लावत नाही रे. हे पलंगावरून हलले नाहीत. मी काय खोटं बोलेन?”

“नाही ताई, तू कशाला खोटं बोलशील,” मी म्हणालो.

४

मी सायकल गॅलरीत उलटी टांगली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं स्वतःला सांगितलं. पण टांगली. ज्याची खात्री असते की फांदी कावळ्याने मोडली नाही, तो कावळ्याला पिंजऱ्यात कशाला घालेल?

आणि दाजी बरे होऊ लागले. आधी उशांना टेकून बसले. मग ताईच्या खांद्याला धरून स्वयंपाकघरापर्यंत आले आणि तिथल्या स्टुलावर बसून तिला भाजी कशी चिरायची ते सांगू लागले. ताईच्या आवाजात पुन्हा तिचा जुना तिखटपणा आला. तो ऐकून मी दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना, एकटाच हसलो. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या गिऱ्हाइकाला महागाची काच सुचवायलाही विसरलो.

तेवढ्यात चढाईच्या शर्यतीचा दिवस जवळ आला. आमचं टोळकं दर वर्षी धारेवर ही शर्यत लावतं. एकेकाला थोड्या थोड्या वेळाने सोडतात आणि मनोऱ्यापर्यंत कोण लवकर पोचतो ते बघतात. एकट्याने जायचं, मागे लपायला कुणी नाही. म्हणून मी त्यात नेहमी शेवटून मोजावा असा. पहिला नेहमी आमचा दंतवैद्य, काटकुळा आणि जिभेने धारदार. त्याचा फोन आला. “यंदा सोड बाबा तू,” तो म्हणाला. “कपाट आजारी आहे. तू कशात लपणार?”

टोळक्यात सगळे हसतात तसा तो हसला. मला ते झोंबलं. ज्या गोष्टीवर वर्षानुवर्षं मीही हसत आलो, तीच अचानक झोंबली, कारण आता मला माहीत होतं की मी त्याला हरवू शकतो.

मी दाजींना सांगायला गेलो की मी जात नाही. निदान मी स्वतःला तसं सांगून गेलो. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते.

“का नाही?” ते म्हणाले. “जा की. माझ्या वाट्याचंही चालव.”

“तुम्हाला बरं नाही, आणि मी...”

“मी काय तुला खांद्यावर घेऊन जाणार आहे?” ते हसले. हसताना त्यांना दम लागला आणि त्यांनी तो लपवला. “जा. त्या दातवाल्याचे दात घशात घाल एकदा. मला ऐकायचंय.”

त्यांना काही ठाऊक होतं का? मी नंतर यावर फार विचार केला. मला वाटतं, नव्हतं. आणि असतं तरी ते हेच म्हणाले असते. तिथेच माझा इलाज चालत नाही.

घरी जाताना मी मनाशी करार केला. एकदाच. आणि आडोसा आला, श्वास ऐकू आला, तर सरळ बाजूने पुढे जायचं. वारा आपण घ्यायचा. पाळी घ्यायची. म्हणजे त्यांना त्रास होणार नाही, उलट आरामच मिळेल. हा विचार मला इतका चांगला वाटला की मी शीळ घालत सायकल गॅलरीतून उतरवली.

बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, “तू ह्यात आनंदी दिसतोयस, पण तुझं तोंड पकडलेल्या चोरासारखं का झालंय?”

५

शर्यतीच्या सकाळी धुकं होतं. चौकीपाशी आम्ही थंडीने पाय आपटत उभे होतो. दंतवैद्य माझ्या आधी सुटला. मग मी.

झाडीतून वर येईपर्यंत मी माझ्याच दमाने आलो, धापा टाकत. धारेवर आलो आणि सगळं शांत झालं. मला वाट पाहावी लागली नाही. ते धारेच्या तोंडाशीच थांबल्यासारखे होते.

धुक्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी दिसलं. पुढे कुणी नव्हतं, पण धुकं समोरून येताना एका जागी फाटत होतं आणि दोन्ही अंगांनी वळसा घेऊन माझ्या मागे जात होतं. मध्ये जागा रिकामी राहत होती. ती वर गोल होती आणि खाली खांद्यांना रुंद होती. मी त्या रिकामेपणाच्या मागे हातभर अंतरावर होतो आणि माझे पाय लोण्यातून फिरावेत तसे फिरत होते.

दंतवैद्य दिसला. मी, आयुष्यात पहिल्यांदा, त्याला गाठत होतो. चाकांचा आवाज ऐकून त्याने मागे पाहिलं आणि तो बाजूला झाला. एका सायकलला लागते त्यापेक्षा तो खूपच जास्त बाजूला झाला, डांबर सोडून गवतात. मी जवळून जाताना त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या थोडं पुढे बघत होता. नंतर त्याने यावर कधी चकार शब्द काढला नाही आणि मीही विचारलं नाही. आता तो माझ्या दुकानासमोरून जातो तेव्हा रस्ता ओलांडून जातो.

श्वास ऐकू येत होता. ‘हं’ नव्हता आता. श्वासच तुटक होता, भांड्याच्या तळाशी डाव खरवडावा तसा. मी ऐकत होतो. मला माझा करार आठवत होता, शब्दन् शब्द. मी म्हणालो, त्या वळणानंतर पुढे होतो. वळण आलं. म्हटलं, एवढा चढ संपला की होतो. धुक्यातून मनोरा दिसायला लागला, त्याच्या पायथ्याशी आमच्यातली माणसं, कुणीतरी हात हलवत होतं.

तेव्हा कोपर हललं.

मी पाहिलं ते एवढंच. धुक्यातल्या त्या मोकळ्या जागेची उजवी कड जराशी बाहेर आली आणि परत गेली. हातवाऱ्यात कसलीही घाई नव्हती, रागही नव्हता. माझं झालं, आता तू पुढे हो.

मी मान खाली घातली आणि चेन बघितली.

मी हे ठरवून केलं नाही, असं म्हणायची मला फार इच्छा आहे. चेन चांगली होती, नुकतंच तेल दिलेलं. मी तिच्याकडे बघत राहिलो. वरती कोपर पुन्हा हललं असेल, मला माहीत नाही, कारण मी वर पाहिलंच नाही. मनोरा जवळ आला होता. आणखी थोडंच होतं.

मग वारा आला. सगळा, एकदम, तोंडावर. माझी सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि मी पाय टेकले. कानांत वारा इतका गरजत होता की मनोऱ्याजवळची माणसं तोंडं हलवताना दिसत होती, ऐकू येत नव्हती. पाठीवरच्या खिशात फोन थरथरत होता. ताईचा होता. तो उचलायच्या आधी मी पुढच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि तिथे धुकं आता कुठेही न फाटता सरळ येत होतं.

६

घर माणसांनी भरलं होतं. ताई त्याच खिडकीशी, त्याच खुर्चीत बसली होती. मला पाहून तिने शेजारी जागा केली. ती रडत नव्हती. तिला सांगायचं होतं आणि ऐकायला तिला मीच हवा होतो.

“सकाळी छान होते अरे. चहा घेतला, म्हणाले, तो आता निघाला असेल. मग डोळे मिटले. मला वाटलं, लागला डोळा.” तिने माझा हात हातात घेतला. “मग श्वास चढला, आणि झोपेतच विचारायला लागले, आहेस ना? आहेस ना? मी म्हटलं, आहे हो, इथेच आहे. पुन्हा तेच. मी किती वेळा म्हटलं, आहे. पण त्यांना ऐकू जात नव्हतं वाटतं.”

मी मान खाली घातली.

“मलाच विचारत होते ना रे?”

“तुलाच,” मी म्हणालो. “आणखी कुणाला विचारतील?”

तिने मान हलवली आणि माझा हात थोपटला. मला तिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मुंगी लोकांना पाणी देत फिरत होती. ट्रे तिच्यापेक्षा मोठा होता. कुणीतरी तो घ्यायला गेलं तर तिने दिला नाही.

७

मी सायकल विकणार होतो. विकली नाही. ताईने रोखलं. म्हणाली, त्यांना वाईट वाटेल. बायको म्हणाली, घरात बसून भिंती कुरतडतोयस, त्यापेक्षा जा. मी पुन्हा धारेवर गेलो तेव्हा मला धडकी भरली होती, पण वारा होता. पूर्ण होता. समोरून, तोंडावर, डोळ्यांत पाणी आणणारा. मी तो सगळा घेतला. मनोऱ्यापर्यंत दोनदा थांबावं लागलं. घरी येऊन पडलो आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो.

मग मी दर रविवारी जायला लागलो. मला तो वारा हवा होता. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि माझं खवखवणं त्या वाऱ्यात तेवढ्यापुरतं थांबायचं. आपलं आपण चढतोय, कुणाच्या जिवावर नाही, असं मी वर पोचल्यावर मोठ्याने म्हणायचो. ऐकायला फक्त गवत असायचं.

गेल्या रविवारी वारा जरा कमी वाटला. ऋतू बदलत असेल म्हणून मी सोडून दिलं. त्या दुपारी मुंगी जेवताजेवता ताटावरच झोपली.

या रविवारी ती उठलीच नाही. मी बूट घालत होतो तेव्हा तिने पांघरुणातून हाक मारली. “बाबा, माझे पाय दुखतात.”

“वाढीचं वय आहे,” बायको आतून म्हणाली. “दिवसभर घोड्यासारखी उधळते. दुखणारच.”

मी तिच्या पलंगावर बसून पिंडऱ्या चेपल्या. त्या कडक होत्या. मला ते हाताला लागलं. मी हात तिथेच ठेवून बसलो आणि मग तिला म्हणालो, “आज पडून राहा हं. काही करायचं नाही.” ती बरं म्हणाली. शहाणी आहे ती, सांगितलेलं ऐकते. मी निघालो.

धारेवर लख्ख ऊन होतं. धुक्याचा मागमूस नव्हता. वारा समोरून आला, कपाळावर, डोळ्यांवर, नेहमीसारखा, आणि मला हायसं वाटलं. मी सवयीने डोकं खाली घातलं. वारा थांबला.

मान वर केली, वारा लागला. खाली घातली, नाही. मुठींना लागत नव्हता. गुडघ्यांना लागत नव्हता. आडोसा होता, पण बुटका होता, हँडलच्या थोडासाच वर येणारा. त्याच्या डोक्यावरून वारा माझ्या कपाळावर येत होता.

पुढून श्वास ऐकू येत होता. छोटा आणि भराभर, जिन्यावरून काहीतरी जड आणताना मध्ये न थांबायचा हट्ट धरला की येतो तसा.

मला लगेच कळलं नाही असं सांगता येईल. मला पहिल्याच श्वासाला कळलं. सायकल थांबवायला दोन बोटं पुरतात, आणि ती ब्रेकवरच होती. पाय मात्र फिरत होते, आणि किती हलके फिरत होते.

मी ब्रेक दाबला. मनोऱ्यापाशी पोचल्यावर.